क्रिएटिनिन बघत बसलो आणि बीपी राहून गेलं: किडनीचा आजार असलेल्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही केस रावेर-यावल पट्ट्यातली आहे. नाव-गाव सांगत नाही, घरात त्याला भैय्या म्हणतात आणि खानदेशात अर्ध्या घरांत एक भैय्या असतोच, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही. मी तालुक्याच्या गावात लहान मुलांची प्रॅक्टिस करते. भैय्या माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा १२ वर्षांचा होता, उंची १३४ सेंटीमीटर, वजन २७ किलो, म्हणजे वर्गात पहिल्या बाकावर बसणारा. वडलांची केळीची बाग, आजोबा म्हणजे आप्पा अजून रोज बागेत जाणारे, आई घर आणि दोन म्हशी सांभाळणारी.

जन्मापासूनची कहाणी अशी की भैय्याला लघवीच्या नळीत पडदे होते, डॉक्टरी भाषेत पोस्टेरियर युरेथ्रल वॉल्व्ह. हा मुलग्यांमध्येच होणारा प्रकार, पोटात असतानाच लघवी तुंबते आणि मागे दाब येऊन किडन्या घडायच्या आधीच खराब होतात. तिसऱ्या महिन्यात मुंबईला दुर्बिणीतून पडदे कापले, ते काम चांगलं झालं. पण आधी झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी मुंबईची चक्कर असायची. ती लॉकडाऊनमध्ये चुकली आणि चुकलीच. मग घरच्यांनी स्वतःच एक पद्धत बसवली, सहा महिन्यांनी गावाजवळच्या लॅबमधे क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, किडनी कमी चालली की वाढतो) करायचं आणि रिपोर्टवर लाल खूण नसली की देवाला नारळ फोडायचा.

वडील फार व्यवस्थित माणूस. त्यांच्या वहीत एका पानावर बऱ्हाणपूरचे केळीचे भाव आणि समोरच्या पानावर भैय्याचं क्रिएटिनिन, तारखेसकट. ०.९, १.०, १.१, १.१, १.२. ही वही मी हातात घेतली तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं आणि दोन मिनिटांनी पोटात गोळा आला, कारण लॅबच्या कागदावर नॉर्मल रेंज छापली होती ०.६ ते १.३, जी मोठ्या माणसाची आहे. लहान मुलाच्या अंगात स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन कमीच असायला हवं, आणि किडनी किती चालते ते उंची धरून काढावं लागतं. साधं गणित आहे, ०.४१३ गुणिले उंची भागिले क्रिएटिनिन. भैय्याचं येतं ४६. म्हणजे किडनीचं काम निम्म्याच्या आत आलंय, क्रॉनिक किडनी डिसीजची तिसरी स्टेज, आणि कागदावर एकही लाल खूण नाही.

अडचण काय होती

गंमत म्हणजे ते किडनीसाठी आलेच नव्हते, डोकं दुखतं म्हणून आले होते. सहा-सात महिने डोकं दुखत होतं, जास्त करून सकाळी, गावातल्या डॉक्टरनी चष्मा लागला असेल म्हणून पाठवलं, चष्मा लागला नाही, मग दुखलं की एक पेनकिलर घ्यायची असं चाललं होतं. कुठली म्हणून विचारलं तर आईने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली, डायक्लोफेनॅक. किडनीच्या पोराला ही गोळी म्हणजे आगीत तेल, किडनीचा रक्तपुरवठा कमी करते आणि बीपी वाढवते. म्हणजे बीपीमुळे डोकं दुखत असेल तर त्यावर बीपी वाढवणारी गोळी, असं ते चक्र.

बीपी कधी बघितलं होतं का? हो, बघितलं होतं की, फाईलमधे तीन ठिकाणी लिहिलेलं होतं, ११८/७६, ११६/७४, ११८/७८. कुणालाही बघून छान वाटेल. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी माझ्या सिस्टरनेही ११८/७६ च लिहिलं आणि मी पुढे जाणारच होते.

इथे दोन चुका एकावर एक बसल्या होत्या. पहिली म्हणजे मोजमापाची फूटपट्टी मोठ्या माणसाची. १२०/८० च्या आत म्हणजे उत्तम हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की १२ वर्षांच्या मुलालाही तेच लावतो. १३ वर्षांच्या खाली वय, मुलगा-मुलगी आणि उंची बघून तक्ता बघावा लागतो. भैय्याच्या वयाला, त्याच्यासारख्या बुटक्या मुलाला ९५ पर्सेंटाइलची रेषा, म्हणजे तशा शंभरातल्या ९५ मुलांचं बीपी जिच्या खाली असतं ती, येते साधारण ११६/७८. म्हणजे तो 'छान' वाटणारा आकडाच मुळात रेषेच्या वर होता. दुसरी चूक कफची, म्हणजे बीपी मोजताना दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची. दवाखान्यात जो कफ लटकलेला असतो तो मोठ्यांचा, भैय्याच्या दंडाचा घेर १९ सेंटीमीटर, त्याला तो कफ म्हणजे बापाचा शर्ट. कफ मोठा असला की बीपी खरं आहे त्याहून कमी दिसतं. मी ड्रॉवरमधून लहान मुलांचा कफ काढला (वर्षभर त्याच्यावर धूळ होती, लपवत नाही), त्याला पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय टेकवून, उजव्या हाताला, आणि स्टेथोस्कोप लावून मोजलं. १२८/८४.

एकदा मोजून बीपीचं लेबल लावायचं नसतं, पोरं दवाखान्यात घाबरतात. म्हणून पेनकिलर बंद करून पुढच्या पाच आठवड्यांत अजून दोनदा बोलावलं. १२६/८४ आणि १२६/८२. डोकेदुखी थोडी कमी झाली पण बीपी तिथेच.

आता बीपीवर मी एवढी का अडून बसले ते सांगते, कारण वडलांनीही हाच प्रश्न विचारला होता, "मॅडम, किडनीचं बोला ना, बीपी तं म्हातारपणाचं दुखनं हाये." बहुतेकांना वाटतं किडनीची मुलं किडनी बंद पडून जातात. डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट आल्यापासून चित्र वेगळं आहे, किडनी पार निकामी झालेल्या मुलांच्या मृत्यूमागे सगळ्यात मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्या हेच असतं. २००० साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, लहानपणापासून किडनीचा आजार असलेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या २० ते ३० वयाच्या १६ जणांचे हृदयाचे स्कॅन केले तर १४ जणांच्या कोरोनरी धमन्यांत कॅल्शियम साचलेलं. पंचविशीतल्या पोरांच्या धमन्या साठीतल्यासारख्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००६ मधे आणि परत २०१९ मधे लहान मुलांच्या आजारांची हृदयाच्या धोक्यानुसार उतरंड लावली, २०१९ च्या यादीत किडनी पूर्ण गेलेली मुलं, डायबिटीसची मुलं, कावासाकी आजारात (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) हृदयाच्या धमनीला फुगवटा राहिलेली मुलं हे वरच्या पायरीवर, आणि डायलिसिसच्या आधीच्या स्टेजची किडनीची मुलं त्याच्या लगेच खाली. संधिवाताची, ल्युपसची, कॅन्सर बरा झालेली मुलंही त्यात आहेत. या सगळ्या मुलांचं एकच होतं, ज्या अवयवाचं नाव आजाराला आहे त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष, आणि धमन्या बिचाऱ्या मुकाट्याने कडक होत जातात.

बाकी तपासण्या केल्या. लघवीतून प्रोटीन जात होतं, प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो ०.९ आला, ०.२ च्या आत हवा. हिमोग्लोबिन ९.८, ट्रायग्लिसराइड २१०, चांगलं कोलेस्टेरॉल ३४, पोटॅशियम ४.६. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला जळगावला पाठवलं, रिपोर्ट आला 'नॉर्मल स्टडी'. मी फोन करून विचारलं की डाव्या कप्प्याचं वजन उंचीच्या हिशेबात काढलं का, तर नव्हतं काढलं. त्या डॉक्टरांचा दोष म्हणत नाही, रोज मोठ्यांचे पन्नास इको करणाऱ्याला भिंतीची जाडी आकड्यात ठीकच वाटणार. त्यांनी आनंदाने परत हिशेब केला, ११९ ग्रॅम, उंची धरून काढल्यावर ५४. रेषा ५१ ची. म्हणजे १२ व्या वर्षी हृदयाची भिंत जाड व्हायला लागली होती.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, काही न करता मुंबईला पाठवायचं. हे सगळ्यात सोपं, माझ्या डोक्याचा ताप गेला असता. पण मागच्या चार-पाच वर्षांचा अनुभव समोर होता, कापणी, पाऊस, करपा, भाव पडले, काही ना काही निघतं आणि मुंबई राहून जाते. म्हणून ठरवलं की पाठवायचं नक्की, पण तोपर्यंत रिकामं बसायचं नाही. मुंबईच्या नेफ्रॉलॉजिस्टशी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांशी, फोनवर बोलून पुढचं एकत्र ठरवलं.

दुसरं, २४ तासांचं बीपी मशीन लावून खात्री करायची आणि मगच औषध. किडनीच्या मुलांत हीच तपासणी सगळ्यात भरवशाची, कारण यांचं बीपी बरेचदा रात्री वाढतं आणि दवाखान्यात सापडत नाही. पण लहान कफवालं मशीन आम्हाला जवळपास कुठे मिळेना, नाशिकला मिळत होतं, आणि घरचे म्हणाले केळीचं कापणीचं काम उरकलं की जाऊ. हृदयाची भिंत जाड झालेली इकोत दिसत असताना त्यासाठी थांबण्यात मला अर्थ वाटला नाही. उलट थांबायचं कारण शोधतोय असं वाटलं.

तिसरं, औषध सुरू करायचं पण कुठलं? अॅम्लोडिपिन आणि एनालाप्रिल अशा दोन गोळ्या समोर होत्या. अॅम्लोडिपिन साधं सरळ, रक्त तपासायची कटकट नाही, पोटॅशियम वाढत नाही, खेड्यातल्या माणसाला देऊन निर्धास्त झोपता येतं. पण ते लघवीतलं प्रोटीन थांबवत नाही. एनालाप्रिल आणि त्याची भावंडं प्रोटीन कमी करतात, किडनी जास्त दिवस टिकते. २००९ चा युरोपातला एस्केप नावाचा अभ्यास आहे, ३८५ मुलांना रामिप्रिल (एनालाप्रिलचंच भावंड) दिलं, त्यातल्या साधारण निम्म्यांचं बीपी नेहमीपेक्षा बरंच खाली, म्हणजे ५० पर्सेंटाइलच्या खाली ठेवलं तर त्यांची किडनी खराब व्हायचा वेग कमी झाला. पण ही औषधं पोटॅशियम वाढवतात, आणि जुलाब-उलटी होऊन अंगातलं पाणी गेलं की किडनीचा दाब एकदम कोसळतो.

शिवाय एक गुंता असा की पडदेवाल्या मुलांच्या किडन्या लघवी घट्ट करू शकत नाहीत. तडा गेलेल्या मडक्यासारखं आहे, पाणी झिरपतच राहतं. भैय्या रात्री दोनदा उठून लघवीला जायचा. अशा पोराला आमच्या मे महिन्यात हे औषध, जिथे पारा ४४-४५ ला जातो? हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. पडला होता एवढंच लिहिते, कारण त्याचं उत्तर मी नीट शोधलं नाही.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही विचारलं वडलांनी, व्हॉट्सअॅपवर वाचलं होतं त्यांनी. किडनीच्या केडिगो गाईडलाईनमधे २०१३ पासून १८ वर्षांखालच्या किडनीच्या मुलांना स्टॅटिन सुरू करू नका असं सुचवलंय, म्हणून ती नाही दिली. तळण कमी, खेळ जास्त, एवढंच.

काय केलं

फेब्रुवारीच्या शेवटी एनालाप्रिल अडीच मिलिग्रॅम दिवसातून एकदा सुरू केलं. दहा दिवसांनी रक्त बघितलं, क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ५.०. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं, म्हणून चालू ठेवलं आणि महिन्याभराने पाच मिलिग्रॅम केलं. लोह सुरू केलं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांची नावं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवली.

खाण्याचं बोलताना एक तास गेला, आणि तो वाया गेला असं नाही. आपल्याकडे मीठ म्हटलं की ताटात वरून घेतलेलं मीठ एवढंच लोक धरतात. आई शपथेवर सांगत होती की भैय्या वरून मीठ घेत नाही. मग आम्ही दिवस मोजायला बसलो, सकाळी खारी-चहा, दुपारी भाकरीबरोबर ठेचा, संध्याकाळी शेव, रविवारी शेवभाजी, आणि उन्हाळ्यात तर अंगणभर बिबड्या, कुरडया, पापड. पापडाच्या लाट्या ही आमच्याकडे पोरांची मेजवानी, तेल लावून येता-जाता तोंडात टाकतात, त्यात मीठ वेगळं आणि पापडखार वेगळा, दोन्हीत सोडियम. शेव आणि पापड हे दोनच कमी करायचं ठरवलं. दहा गोष्टी बंद सांगितल्या की एकही बंद होत नाही हा माझा अनुभव आहे.

केळी बंद करायची का? आप्पांनी हे विचारलं तेव्हा खोलीत एकदम शांतता. केळीत पोटॅशियम असतं हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम. मी म्हटलं पोटॅशियम ठीक आहे तोवर दिवसाला एक केळ खाऊ दे. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

आणि खेळ. भैय्याला पाच वर्षं पीटीच्या तासाला सावलीत बसवून ठेवलेलं, कारण 'आजारी आहे'. सरांना चिठ्ठी लिहून दिली की याला सगळ्यांसारखं पळू द्या, फक्त मधे पाणी प्यायला आणि लघवीला सोडा. घरात आप्पांची विडी होती, तिच्याबद्दल मी आप्पांनाच बाजूला घेऊन बोलले. बंद नाही झाली पण ओट्यावरून बागेत गेली.

उपकेंद्राच्या सिस्टरना लहान कफ घेऊन दिला, मोजायचं शिकवलं, आठवड्यातून एकदा भैय्या त्यांच्याकडे जाऊन वहीत आकडा लिहून आणायचा. क्रिएटिनिनच्या शेजारी आता बीपीचा रकाना आला. एप्रिलअखेर आकडे ११० च्या आसपास. मी खुश होते.

मे महिना

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नात्यात लग्न होतं. उन्हात वरात, बर्फाचं सरबत, आणि दुसऱ्या दिवसापासून भैय्याला जुलाब-उलट्या. घरच्यांनी जे कुणीही चांगलं समजून केलं असतं ते केलं, ओआरएस दिलं, शहाळ्याचं पाणी दिलं, आणि बीपीची गोळी अजिबात चुकवली नाही, कारण मीच बजावलं होतं की एकही दिवस चुकवायची नाही.

तिसऱ्या दिवशी पोरगं लुळं पडल्यासारखं झालं तेव्हा आणलं. पोटॅशियम ६.४, क्रिएटिनिन २.३, ईसीजीत टी लाटा उंच टोकदार, म्हणजे वाढलेलं पोटॅशियम हृदयापर्यंत पोचलं होतं. कॅल्शियमचं इंजेक्शन आणि सलाईन देऊन जळगावला पाठवलं, तिथे पुढचे उपचार झाले, डायलिसिस लागलं नाही, चौथ्या दिवशी घरी आला. तिथल्या एका तरुण डॉक्टरने आईला विचारलं काय खायचा, आई म्हणाली केळी, झालं. केळीवर गुन्हा दाखल. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत असं नंतर कळलं, त्यांना वाटलं आपल्या बागेनेच नातवाला मारलं असतं.

मलाही आधी केळीच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आठवड्याने रक्त बघितलं तर पोटॅशियम ५.६. एनालाप्रिल बंद, केळी बंद, शहाळं (त्यातही पोटॅशियम असतं) बंद, जुलाब थांबलेले, क्रिएटिनिन १.४ वर आलेलं. मग हे पोटॅशियम येतंय कुठून? आईला म्हटलं, "ताई, उद्या येताना स्वयंपाकघरात जे जे वापरता ते पिशवीत घालून आणा, मसाल्याचा डबासुद्धा." तिने खरंच सगळं आणलं. तिखट, हळद, काळा मसाला, आणि मिठाचं एक पांढरं-निळं पाकीट. लो सोडियम मीठ.

वडील भुसावळला गेले होते, दुकानदाराने सांगितलं बीपीवाल्यांसाठी हे खास मीठ येतं, दुपटीने महाग, पोरासाठी घेतलं. मार्चपासून घरात तेच. त्या मिठात सोडियम कमी करून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड टाकलेलं असतं, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ३० टक्के लिहिलेलं होतं. हिशेब केला तर चहाचा एक चमचा मीठ म्हणजे जवळजवळ दोन केळी. आणि हे मीठ भाजीत, वरणात, पिठात, सगळीकडे. ज्याच्या किडन्या धडधाकट त्याला हे मीठ बीपीसाठी चांगलंच आहे, पण किडनीचा आजार आणि वरून एनालाप्रिल अशा पोराला नाही.

मी मीठ कमी करा म्हटलं होतं, कुठलं मीठ घेऊ नका हे सांगितलं नव्हतं. बापाने महागाचं मीठ घेतलं कारण त्याने माझं ऐकलं. पाकीट बंद केलं, दहा दिवसांनी पोटॅशियम ४.५.

पुढे काय झालं

आता परत प्रश्न, एनालाप्रिल पुन्हा द्यायचं का? घरचे घाबरलेले, आईचं म्हणणं होतं ती गोळी नकोच. मी आग्रह धरला नाही. जून-जुलै अॅम्लोडिपिन अडीच मिलिग्रॅमवर काढले, बीपी ११४-११६ ला राहिलं, पण प्रोटीनचा रेशो १.१ झाला. तो कागद आईवडलांना दाखवला, दोन्ही गोळ्यांचे फायदे-तोटे परत सांगितले, आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. आठ दिवसांनी वडील आले, म्हणाले, "चालू करा मॅडम, पन या वेळी काय झालं तं काय करायचं ते लिहून द्या." ऑगस्टमधे एनालाप्रिल सव्वा मिलिग्रॅमपासून परत सुरू केलं, हळूहळू वाढवत पाचवर, जोडीला अॅम्लोडिपिन होतंच. दर वाढीनंतर दहा दिवसांनी रक्त.

लिहून काय दिलं? एक पिवळं कार्ड. जुलाब, उलटी, जोराचा ताप, जेवण-पाणी बंद, यातलं काहीही झालं तर एनालाप्रिल थांबवा, ओआरएस द्या, त्याच दिवशी फोन करा, चोवीस तासांत पोटॅशियम-क्रिएटिनिन करा, नीट खायला लागल्यावर दोन दिवसांनी गोळी परत. मागच्या बाजूला लो सोडियम मीठ, सैंधव, शहाळं आणि पेनकिलर यांचं काय करायचं ते. सैंधवाबद्दल दर दुसरं घर विचारतं म्हणून, त्यातही सोडियमच असतं, बीपीला त्याचा काही फायदा नाही. हे कार्ड भैय्याच्या दप्तरात, आईच्या फोनमधे आणि उपकेंद्रात आहे. पुढच्या उन्हाळ्यात एकदा पोट बिघडलं तेव्हा भैय्याने स्वतः आईला सांगितलं आज गोळी नाही. पोटॅशियम ४.९ च्या वर गेलं नाही.

नाशिकची २४ तासांची तपासणी दिवाळीनंतर झाली. दिवसा ठीक होतं, रात्री जरा जास्त निघालं. जे दवाखान्यात कधीच दिसलं नसतं. नेफ्रॉलॉजिस्टच्या सल्ल्याने अॅम्लोडिपिन रात्रीकडे नेलं. मुंबईची चक्कर वर्षातून एकदा परत सुरू झाली, तिथे मूत्राशयाचीही तपासणी झाली, दर तीन तासांनी आणि थांबून दोनदा लघवी करायची सवय लावली, मूत्राशय पूर्ण रिकामं झालं नाही तर किडनीवर मागून दाब येतच राहतो.

दीड वर्षाने आकडे असे. बीपी १०४ ते १०८. उंची १३९, क्रिएटिनिन १.३, हिशेबाने किडनी ४४ वर, म्हणजे जवळपास तिथेच थांबलेली. प्रोटीन रेशो ०.४. हिमोग्लोबिन ११.२. इकोत हृदयाच्या कप्प्याचा आकडा ५४ वरून ४६, रेषेच्या आत. डोकेदुखी नाही. केळ दिवसाला एक, आप्पा स्वतः निवडून देतात.

आज परत केलं तर

पहिली गोष्ट, औषध सुरू करायची वेळ. फेब्रुवारीचा शेवट हा खानदेशात एनालाप्रिल पहिल्यांदा सुरू करायचा महिना नाही, निदान लघवीवाटे पाणी जाणाऱ्या पोराला तरी नाही. आज असतं तर अॅम्लोडिपिनवर उन्हाळा काढला असता आणि पाऊस पडल्यावर एनालाप्रिल सुरू केलं असतं. यावर नेफ्रॉलॉजिस्टचं मत वेगळं आहे, ते म्हणतात चार महिने प्रोटीन जाऊ देण्यापेक्षा कार्ड पहिल्या दिवशी द्यायला हवं होतं. त्यांचंही बरोबर असेल. पण कार्ड दिलं असतं तरी ते मीठ घरात होतंच.

दुसरं, मार्चअखेर डोस दुप्पट केल्यावर मी रक्त तपासलंच नाही. बीपी छान येतंय, पोरगं खेळतंय, आणि लॅबला जायचं म्हणजे बापाचं बागेतलं दिवसभराचं काम बुडतं म्हणून सूट दिली. तेव्हा बघितलं असतं तर पोटॅशियम कदाचित साडेपाचच्या पुढे सापडलं असतं आणि मिठाचं पाकीट लग्नाच्या आधीच बाहेर आलं असतं. ही माझी या केसमधली सगळ्यात मोठी चूक, उन्हाळा आणि जुलाब नंतर.

तिसरं, आहाराचं मी तोंडी सांगितलं आणि ऐकलंही तोंडी. स्वयंपाकघरातली पिशवी पहिल्या भेटीत मागवायला पाहिजे. आता मी प्रत्येक किडनीच्या, डायबिटीसच्या, नेफ्रॉटिकच्या (लघवीतून खूप प्रोटीन जाणाऱ्या आजाराच्या) घराला पिशवी घेऊन यायला सांगते. लोक हसतात पण आणतात, आणि दर चार पिशव्यांत एक तरी न सांगितलेली पुडी निघते, कधी काढ्याची तर कधी पेनकिलरची.

कफचं तर काय बोलायचं. आता तीन मापांचे कफ टेबलावर उघडे ठेवलेत, शेजारी तक्ता चिकटवलाय. लॅबवाल्याला सांगून मुलांच्या रिपोर्टवर मोठ्यांची रेंज छापू नको म्हटलं, तो म्हणाला सॉफ्टवेअरमधे नाही होत. मग निदान उंचीचा रकाना तरी टाक म्हटलं, तो टाकला.

न सुटलेलं एक आहे. भैय्या आता चौदाव्याकडे चाललाय, गोळी खिशात ठेवून विसरल्याचं नाटक दोनदा करून झालंय, शेवेचं पाकीट दप्तरात सापडलं. दोन वर्षांनी दहावी, मग जळगावला होस्टेल म्हणतोय. तिथे उपकेंद्राच्या सिस्टर नाहीत, आईची पिशवी नाही, आणि मेसमधे रोज पापड. गेल्या महिन्यापासून मी वडलांना बाहेर बसवते आणि पहिली दहा मिनिटं त्याच्याशी एकट्याशी बोलते. स्वतःचं बीपी स्वतः मोजायला शिकलाय, मागच्या वेळी १०६/६४ लिहिलं, मी परत मोजलं तर ११२ आलं. म्हटलं काय रे हे? हसला नुसता.